शाळेच्या रोबोटिक्स क्लबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात तेच तेच प्रश्न येतात. मुलं प्रयोगशाळेच्या दारात घुटमळत विचारतात, पालक रात्री जेवणं झाल्यावर व्हॉट्सॲपवर. गेल्या काही वर्षांतले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं हायस्कूल तालुक्याच्या गावातलं, मराठी माध्यमाचं. क्लब आठवी ते दहावीसाठी आहे. वेळ आणि पैसे सोडले तर बाकीची उत्तरं इतर शाळांनाही लागू पडतील. जिथे एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, मला यातलं काहीच येत नाही. तरी येऊ का?

ये. पहिल्या दिवशी बहुतेकांना बॅटरीचं अधिक आणि उणे टोक ओळखण्यापलीकडे काही येत नसतं, आणि तेवढं पुरतं. परीक्षा नाही, मार्कांची अट नाही. पहिल्या शनिवारी मी प्रत्येक जोडीला एक बंद टॉर्च देते. एकीत सेल उलटा घातलेला असतो, एकीच्या स्प्रिंगला गंज असतो, एकीत बटणाच्या पत्र्याखाली कागदाचा कपटा सरकवलेला असतो. टॉर्च लागली नाही म्हणून खाली ठेवतोस की झाकण उघडून आत बघतोस, एवढंच मला पाहायचं असतं. आत बघायची सवय नसेल तर तीही इथे लागते, त्यामुळे टॉर्च लागली नाही म्हणून कुणाला परत पाठवलेलं नाही.

२. रोबोटिक्स म्हणजे नक्की काय? टीव्हीवर दिसतो तसा माणसासारखा रोबोट बनवायचा का?

नाही. आपला रोबोट पुस्तकाएवढा असतो: दोन चाकं, दोन मोटरी, पुढे एक भिरभिरणारं छोटं चाक आणि पाठीवर तारांचं जंजाळ. रोबोट तीन कामं करतो. आजूबाजूचं काहीतरी जाणतो (जाणणाऱ्या भागाला सेन्सर म्हणतात), त्यावरून ठरवतो आणि मग हालचाल करतो. घरच्या पाण्याच्या टाकीला पाणी भरल्यावर मोटर आपोआप बंद करणारं यंत्र असेल तर ते आठव. पातळी कळली, निर्णय झाला, मोटर बंद. आपण हेच करतो, फक्त निर्णयाची वाक्यं आपण स्वतः लिहितो.

३. कितवीत आलेलं बरं? दहावीत आलं तर चालेल का?

आठवीत येणं सर्वांत चांगलं, कारण पहिलं वर्ष हात बसण्यातच जातं. नववीतही उशीर झालेला नसतो. दहावीत नव्याने येणाऱ्याला मी नाही म्हणत नाही, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला अभ्यासाला सोडते, म्हणून त्याने स्पर्धेच्या गटात नाव देऊ नये. वर्षाच्या मध्येच यायचं असेल तर नोव्हेंबरपर्यंत घेते. त्यानंतर बाकीचे बरेच पुढे गेलेले असतात आणि नव्या मुलाला नुसतं बघत बसावं लागतं. तसं बसणं मला कुणाच्याच वाट्याला यायला नको आहे.

४. क्लब किती वाजता सुटतो? मुलगी एसटीने येते, उशीर तर होणार नाही ना?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की क्लब सुरू होतो आणि दोन वाजता संपतो. डबा द्या. पूर्वी संध्याकाळी असायचा, तसा आता ठेवत नाही, कारण वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शेवटच्या गाडीची धास्ती असते आणि मग त्याच आधी गळतात. वेळ बदलल्यावर मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली. त्यांना रोबोटिक्स आवडत नव्हतं असं नव्हतं, गाडीची वेळ जुळत नव्हती. स्पर्धेआधीच्या आठवड्यात जास्त थांबावं लागलं तर दोन दिवस आधी कळवते आणि कोण कुणाबरोबर जाणार हे लिहून घेते.

५. माझं इंग्रजी कच्चं आहे. कोडिंग तर इंग्रजीतच असतं ना?

असतं, पण पहिल्या वर्षात लागणारे शब्द पंचवीसच्या वर जात नाहीत: सेटअप, लूप, इफ, एल्स, डिले, हाय, लो. एलबीडब्ल्यूचं भाषांतर करून कुणी क्रिकेट शिकत नाही, तसंच हे. प्रोग्राममध्ये दोन तिरक्या रेघा मारून पुढे लिहिलेलं संगणक वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. तिथे बिनधास्त मराठीत लिही. ‘डावा सेन्सर काळ्यावर आला, डावी मोटर थांबव’ ही ओळ आमच्या क्लबच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्राममध्ये देवनागरीत सापडेल. गणिताचंही असंच आहे. गुणोत्तर, टक्केवारी आणि वर्तुळाचा परीघ आला की पहिलं वर्ष निभतं.

६. घरी लॅपटॉप नाही. मागे पडेन का?

नाही. क्लबमधल्या अर्ध्याहून जास्त मुलांकडे नाही. आम्ही प्रोग्राम आधी कागदावर लिहितो आणि एक जण रोबोट होऊन वर्गात चालतो; दुसरा ‘डावीकडे काळं’, ‘दोन्हीकडे पांढरं’ असं ओरडतो. निम्म्या चुका तिथेच सापडतात. शाळेच्या संगणक कक्षात टिंकरकॅड वापरता येतं. ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात सर्किट जोडून प्रोग्राम चालवून बघता येतो आणि चुकून काही जळालं तरी पडद्यावरच जळतं. मोबाइलवर ते उघडतं, पण बोटाने तारा जोडताना जीव मेटाकुटीला येतो.

७. खर्च किती? किट विकत घ्यायचं का?

फी नाही आणि पहिल्या वर्षी काहीही विकत घेऊ नका. हे पालकांना मी कळकळीने सांगते, कारण उत्साहात पाच-सहा हजारांचं चकचकीत किट येतं आणि त्यातले निम्मे भाग खोक्यातून बाहेरच पडत नाहीत. एका रोबोटला लागतं ते असं: आर्डुइनो उनो बोर्ड (आपला प्रोग्राम चालवणारी छोटी संगणक-पाटी), एक मोटर ड्रायव्हर (बोर्ड सांगेल तशी मोटरला बॅटरीची वीज देणारी पाटी), दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअर असलेल्या छोट्या मोटरी) चाकांसकट, दोन आयआर सेन्सर (अवरक्त प्रकाशाने काळं-पांढरं ओळखणारे), सेल आणि तारा. सुटे घेतले तर हे साधारण दीड हजारांत बसतं. चासी, म्हणजे रोबोटचा सांगाडा, आम्ही जाड पुठ्ठ्याची किंवा जुन्या सनमायकाच्या तुकड्याची करतो. मुंबईला जाणं झालं तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली; तिथे सुटे भाग हाताळून घेता येतात. पिवळ्या मोटरी दोन जास्त घ्या. त्यांच्या तार लावायच्या पट्ट्या वाकवता वाकवता तुटतात.

८. आमच्या शाळेत अटल लॅब नाही. मग क्लब कसा काढणार?

हा प्रश्न शिक्षकांकडून येतो. अटल टिंकरिंग लॅब ही नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची योजना, २०१६ पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. ते मिळालं तर उत्तमच, पण आमचा क्लब त्याशिवाय एका कपाटात सुरू झाला आणि अजून त्याच कपाटात आहे. जवळच्या शाळेत अशी लॅब असेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना भेटा. आजूबाजूच्या मुलांनाही लॅबचा उपयोग व्हावा, ही त्या योजनेतच अपेक्षा आहे. थ्रीडी प्रिंटर बघायला आमची मुलं अशीच वर्षातून दोनदा दुसऱ्या शाळेत जातात.

९. शॉक बसेल का? सोल्डरिंग करताना भाजणार नाही ना?

शॉक नाही. आपला रोबोट साडेसात व्होल्टच्या आसपास चालतो आणि घरच्या २३० व्होल्टच्या विजेशी मुलांचा संबंध फक्त चार्जर आणि सोल्डरिंग गनच्या प्लगपुरता येतो. सोल्डरिंगचं, म्हणजे डाख देण्याचं काम नववीपासून, तेही मी शेजारी असताना. गन तीनशे अंशांच्या वर तापते, म्हणून ओढणी आणि मोकळे केस मागे बांधायचे, चष्मा घालायचा, खिडकी उघडी ठेवायची, नंतर साबणाने हात धुवायचे.

मला खरी काळजी सेलची असते. १८६५० नावाचे ते जाडसर लिथियम सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर ठेवले तर दोन्ही टोकं जोडली जाऊन तापतात, पेटूही शकतात. चेपलेला, फुगलेला सेल चार्ज करायचा नाही, माझ्याकडे आणून द्यायचा. पहिल्या वर्षी मी स्वतः घाईत बॅटरीच्या तारा उलट जोडल्या होत्या. ड्रायव्हरवरची चिप तडकली आणि जळक्या प्लास्टिकचा वास तासभर खोलीत राहिला. तेव्हापासून अधिकला लाल आणि उण्याला काळी, याशिवाय तिसऱ्या रंगाची तार मी बॅटरीला लावू देत नाही.

१०. पहिला रोबोट कोणता करायचा?

लाइन फॉलोअर, म्हणजे पांढऱ्यावरच्या काळ्या पट्टीवरून चालणारा. सोपा वाटतो, पण रोबोटिक्समधलं जवळजवळ सगळं त्यात आहे.

रोबोटच्या पोटाखाली पुढच्या बाजूला दोन आयआर सेन्सर असतात, पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक. प्रत्येकात एक दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडतो आणि शेजारचा घटक परत आलेला प्रकाश टिपतो. पांढरा पृष्ठभाग प्रकाश परत पाठवतो, काळा शोषून घेतो. आता विचार कर: डाव्या सेन्सरला काळं दिसलं म्हणजे पट्टी डावीकडे गेली आहे. मग डावी मोटर थांबवायची, उजवी चालू ठेवायची, रोबोट डावीकडे वळतो. उजवीकडे याच्या उलट. दोन्हीकडे पांढरं, तर सरळ.

दोन्हीकडे काळं आलं तर काय करायचं, हे मी सांगत नाही. चौक आला असेल, पट्टी संपायची खूण असेल किंवा रोबोट कुणी उचलून धरला असेल. तू ठरव आणि का ठरवलंस ते लिही.

ट्रॅकसाठी जुन्या फ्लेक्सची कोरी पांढरी बाजू वापरतो. त्यावर काळी टेप. चकचकीत इन्सुलेशन टेप तिरक्या उजेडात प्रकाश परत पाठवते आणि रोबोट भांबावतो, तेव्हा मॅट टेप मिळाली तर तीच घे. वळणं सुरुवातीला मोठी ठेव, जेवणाच्या ताटाच्या कडेइतकी.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीचा रोबोट पट्टी दिसली की तिच्यापासून दूर पळायचा. तिने प्रोग्राम चार वेळा तपासला. मग फरशीवर पालथी झोपली, पांढऱ्या कागदाचा कपटा एका सेन्सरखाली सरकवला आणि कुठला दिवा लागतो ते बघितलं. डावा म्हणून जोडलेला सेन्सर उजवीकडे बसवला होता. प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता.

११. वही कशाला? प्रोग्राम तर संगणकात असतो.

प्रोग्राममध्ये काय चाललं ते असतं. वहीत काय चाललं नाही ते असतं, आणि शिकायला तेच लागतं. दर शनिवारी चार ओळी: काय करायचं होतं, काय झालं, मला काय वाटतं म्हणून झालं, पुढच्या वेळी काय बदलणार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेल बदलले, सेन्सर हलवले आणि प्रोग्रामही बदलला, आणि रोबोट चालला, तर कशामुळे चालला हे कुणालाच कळत नाही. प्रश्न १० मधल्या मुलीच्या वहीत त्या दिवशी एकच वाक्य आहे: ‘तारेवर डावा-उजवा चिकटपट्टीने लिहायचं.’ आता सगळा क्लब लिहितो.

१२. प्रोग्राम अपलोडच होत नाही. बोर्ड बिघडला का?

बहुधा नाही. या क्रमाने बघ. केबल आधी: मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींमध्ये माहिती नेणाऱ्या ताराच नसतात, बोर्डवरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. मग मेनूमध्ये बोर्ड ‘उनो’ निवडलाय का आणि पोर्ट, म्हणजे बोर्ड संगणकाच्या कुठल्या जोडणीवर आहे ते, निवडलाय का ते बघ. तिसरं, स्वस्त उनो बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० ही चिप असते आणि जुन्या संगणकात तिचा ड्रायव्हर (मोटरचा नव्हे, चिप ओळखायला लागणारा संगणकातला छोटा प्रोग्राम) वेगळा टाकावा लागतो.

इतकं करूनही होत नसेल आणि तू ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं असशील, तर ते शून्य आणि एक क्रमांकाच्या पिनांवर (बोर्डवरच्या तार खोचायच्या जागांवर) आहे का बघ. उनो संगणकाशी त्याच दोन पिनांवरून बोलतो. मॉड्यूलच्या तारा काढ, अपलोड कर, परत लाव.

१३. दिवे लागतात, पण मोटर फिरत नाही. किंवा फिरते आणि मध्येच सगळं बंद पडून परत सुरू होतं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

मध्येच बंद पडून सुरू होत असेल तर तू चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली आहेस. जवळजवळ दर वेळी हेच निघतं. ती स्मोक अलार्म, मल्टीमीटर अशा कमी खाणाऱ्या वस्तूंसाठी असते. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, बॅटरीचा दाब कोसळतो आणि आर्डुइनो पहिल्यापासून सुरू होतो. १८६५० चे दोन सेल मालिकेत जोड. ७.४ व्होल्ट मिळतात, एल२९८एन ड्रायव्हर त्यातले दोनेक व्होल्ट स्वतःच खातो आणि उरलेले पिवळ्या मोटरीला मानवतात.

मोटर अजिबात फिरत नसेल तर ग्राउंड, म्हणजे उण्याची सामाईक जोडणी, बघ. बॅटरीचं उणे, ड्रायव्हरचं ग्राउंड आणि आर्डुइनोचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं. आर्डुइनो यूएसबीवर आणि मोटर बॅटरीवर असेल आणि ही एक तार राहिली असेल, तर आर्डुइनो काय सांगतोय ते ड्रायव्हरला कळतच नाही.

ड्रायव्हर न लावता मोटर थेट आर्डुइनोच्या पिनेला लावायची नाही. त्या पिनेकडून २० मिलीअँपिअरच्या आसपासच घ्यावेत, मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतात. पिन कायमची जाते.

१४. शाळेत छान चालणारा रोबोट स्पर्धेच्या मांडवात वेड्यासारखा का वागतो?

ऊन. सूर्यप्रकाशात अवरक्त प्रकाश भरपूर असतो, तो सेन्सरमध्ये शिरतो आणि सेन्सरला काळ्यावरही पांढरं दिसतं. खिडकीशेजारी सकाळी चालणारा रोबोट दुपारी का चालत नाही, याचं उत्तरही तेच. किती प्रकाश आला की पांढरं मानायचं ते ठरवणारा एक बारीक स्क्रू सेन्सरवर निळ्या ठोकळ्यात असतो; स्पर्धेच्या जागी पोचल्यावर तो तिथल्या उजेडात पुन्हा फिरवून जुळव. सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर चिकटव, जमिनीपर्यंत जवळजवळ टेकणारी. आम्ही सराव मुद्दाम तीन ठिकाणी घेतो: प्रयोगशाळेत, व्हरांड्यात आणि पत्र्याच्या शेडमध्ये.

अडथळा टाळणाऱ्या रोबोटला उन्हाचं काही नाही, पण त्याचा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाच्या प्रतिध्वनीवर अंतर मोजतो. जाड पडदा, सतरंजीची गुंडाळी किंवा तिरकी भिंत समोर आली की प्रतिध्वनी परत येत नाही आणि रोबोट धडकतो.

१५. आमच्या गटात एकच मुलगा सगळं करतो. मला फक्त स्क्रू धरायला देतात. काय करू?

माझ्याकडे ये, आणि हे तक्रार म्हणून सांगायची लाज वाटू देऊ नकोस. मला सर्वांत जास्त जपायची गोष्ट हीच आहे. ज्याला येतं त्याचे हात वेगाने चालतात आणि बाकीचे दोघे मागे सरकतात. यात कुणी वाईट नसतं, पण वर्षअखेर एकच जण शिकलेला असतो. म्हणून आम्ही कामं दर तीन आठवड्यांनी फिरवतो: जोडणी, तारा, प्रोग्राम. ज्याला प्रोग्राम चांगला येतो त्याने त्या तीन आठवड्यांत कीबोर्डला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. गट हळू होतो. होऊ दे.

१६. एआयकडून प्रोग्राम लिहून घेतला तर चालेल का?

पहिल्या वर्षी नाही. त्यानंतर चालेल, एका अटीवर: प्रत्येक ओळ काय करते ते मला समोर उभं राहून सांगता आलं पाहिजे. तुझ्या तारा कुठल्या पिनेला आहेत हे तू सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. मागे एका गटाने असा प्रोग्राम आणला, त्यात वळणावर एक सेकंदाचा डिले होता, म्हणजे तेवढा वेळ प्रोग्राम तिथेच थांबतो आणि सेन्सरकडे बघत नाही. एका सेकंदात रोबोट पट्टी सोडून फूटभर पुढे गेलेला असायचा. डिले म्हणजे काय हे माहीत नसल्याने तिघेही सेन्सर बदलत बसले. यूट्यूबवरून उतरवलेल्या प्रोग्रामलाही हीच अट.

१७. कोणत्या स्पर्धांना जाता येतं?

आधी शाळेतली, मग तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. त्यापुढे वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड आहे. ती २००४ साली सुरू झाली आणि २०१६ ची अंतिम फेरी दिल्लीत झाली. गटात दोन किंवा तीन मुलं असतात. तिच्या रोबोमिशन प्रकारात स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक नवा नियम अचानक सांगतात, त्यामुळे पाठ केलेला प्रोग्राम तिथे पुरत नाही. फर्स्ट लेगो लीगमध्ये मोठा गट चालतो, रोबोटला खेळायला अडीच मिनिटं मिळतात, आणि रोबोटइतकंच वजन मुलांनी केलेल्या अभ्यासाला आणि एकत्र काम करण्याला असतं. दोन्हींचा खर्च मोठा आहे. त्यामुळे आम्ही दरवर्षी जात नाही, आणि गेलो नाही म्हणून कुणाचं वर्ष वाया जात नाही.

१८. मी इलेक्ट्रिशियन आहे. मुलाचा रोबोट स्पर्धेसाठी नीट करून दिला तर?

तुम्ही क्लबमध्ये जरूर या, मुलांना डाख कसा द्यायचा, पक्कड कशी धरायची ते दाखवा. तुमच्यासारखी माणसं मिळणं हे आमचं भाग्य आहे. पण मुलाच्या रोबोटला हात लावू नका. स्पर्धेतही रोबोट मोठ्यांनी बनवलेला चालत नाही आणि परीक्षक मुलाला बाजूला घेऊन विचारतात. त्या वेळी उत्तर आलं नाही तर मान खाली त्याला घालावी लागते. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं मांडून पूजा करतो, त्या दिवशी पालकांना आवर्जून बोलावतो.

१९. पुढे याचा उपयोग काय? इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतो का?

प्रवेश यामुळे मिळत नाही, प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर मिळतो. आमची काही मुलं आयटीआयला गेली, काही पॉलिटेक्निकला, एक मुलगी नर्सिंगला. इंजिनीअरिंगला गेलात तर तिथे रोबोकॉनसारख्या स्पर्धा आहेत. २०१४ साली आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची (एबीयू) रोबोकॉन पुण्यात झाली. त्यात पालक रोबोटने बाल रोबोटला सीसॉवर, झोक्यावर खेळवायचं होतं. नर्सिंगवाली मुलगी मागे भेटायला आली तेव्हा म्हणाली, सलाइनचा पंप अलार्म द्यायला लागला की मी आधी नळी कुठे दुमडली आहे ते बघते.

२०. दहावी झाली, मी चाललो. माझा रोबोट घरी नेऊ का?

बोर्ड, मोटरी, सेन्सर क्लबचे आहेत. ते सुटे करून डब्यात ठेवायचे, जूनमध्ये दुसरं कुणीतरी ते उघडणार आहे. चासी तू केली असशील तर ती ने. वही तुझीच. फक्त जाण्याआधी स्टँडसमोरच्या दुकानातून तिची झेरॉक्स काढ आणि ती प्रत कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेव.